दुर्बल प्रतिस्पर्धी आणि सावध मन : पूलच्या टेबलावरील एक अभ्यास

खेळात बलाढ्य प्रतिस्पर्ध्याला कसे तोंड द्यावे, याविषयी पुष्कळ लिहिले जाते. त्यासाठी प्रशिक्षक खेळाडूंची मानसिक तयारी करून घेतात आणि जुन्या विजयांच्या कथा सांगितल्या जातात. दुर्बल प्रतिस्पर्ध्याशी कसे खेळावे, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही. ज्याला सहज हरवता येते त्याच्याशी खेळण्यात कसली आली आहे कसोटी, असाच सर्वसाधारण समज असतो. तथापि जिमखान्यात किंवा पूल पार्लरमध्ये वर्षानुवर्षे खेळणाऱ्या जाणकारांना हा समज किती फसवा आहे याची चांगली कल्पना असते. तुल्यबळ खेळाडूसमोर ज्याचा हात स्थिर राहतो, तोच खेळाडू नवशिक्यासमोर सोपा चेंडू चुकवतो, चिडतो, घाई करतो आणि कधीकधी सामनाही गमावतो. हे का घडते आणि ते टाळण्यासाठी मनाला कोणते वळण लावावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

खेळाचे स्वरूप

पूलच्या ‘एट बॉल’ या प्रचलित प्रकारात पांढऱ्या चेंडूखेरीज पंधरा चेंडू असतात. एक ते सात क्रमांकांचे चेंडू एकरंगी आणि नऊ ते पंधरा क्रमांकांचे पट्ट्यांचे असतात. आठ क्रमांकाचा चेंडू काळा असतो. आपल्या गटातील सातही चेंडू पॉकेटमध्ये घातल्यानंतर जो खेळाडू काळा चेंडू नियमानुसार घालतो, तो डाव जिंकतो. काळा चेंडू वेळेपूर्वी पॉकेटमध्ये गेला, तर डाव तत्काळ गमवावा लागतो. सहा-सात चेंडू बिनचूक घालून मिळवलेले सर्व काही एका निष्काळजी फटक्याने क्षणात जाते.

या खेळाचे आणखी एक वैशिष्ट्य ध्यानात घेण्यासारखे आहे. टेनिस, बॅडमिंटन किंवा कुस्तीत प्रतिस्पर्धी प्रत्येक क्षणी समोर असतो. तो चेंडू परतवतो, पकड घालतो, चूक करायला भाग पाडतो. पूल, स्नूकर व बिलियर्ड्स या खेळांत एक जण टेबलाशी असतो, तेव्हा दुसरा खुर्चीवर बसलेला असतो. त्याला चेंडू अडवता येत नाही आणि क्यूचा नेमही बदलता येत नाही. टेबलाशी उभ्या असलेल्या खेळाडूचा पुढचा फटका सर्वस्वी त्याच्या स्वतःच्या हाती असतो. असे असूनही खुर्चीवर कोण बसले आहे, यानुसार त्याचा खेळ बदलतो. अडचण टेबलावर नसून मनात आहे, हे येथेच स्पष्ट होते.

दुर्बल खेळाडूमुळे टेबलाची मांडणी मात्र खरोखरच बदलते. तो चेंडूंचे पुंजके फोडत नाही, किंवा भलत्याच वेळी फोडतो. त्याचे बरेच चेंडू टेबलावर शिल्लक राहतात आणि ते सबळ खेळाडूच्या नेमाच्या वाटेत येतात. तो विचार करण्यात फार वेळ घेतो, अथवा काहीच विचार न करता खेळतो. परिणामी सबळ खेळाडूला आपली लय सापडत नाही. सवयीची, आखीव मांडणी त्याच्या वाट्याला येत नाही. सामना सोपा असला तरी टेबल सोपे असेलच असे नाही, ही पहिली गोष्ट त्याने ओळखली पाहिजे.

नवशिक्याच्या नावाचा खेळ

पूलचे भावंड असलेल्या स्नूकर या खेळाचा जन्म भारतातच झाला. प्रचलित हकीगतीनुसार १८७५ साली जबलपूर येथे ब्रिटिश लष्करातील तरुण अधिकारी नेव्हिल चेंबरलेन याने हा प्रकार सुरू केला आणि पुढे १८८२ च्या सुमारास उटी येथील क्लबमध्ये त्याचे नियम लिहिले गेले. इंग्लंडमधील वुलिच येथील लष्करी अकादमीत पहिल्या वर्षाच्या कच्च्या विद्यार्थ्याला त्या काळी ‘स्नूकर’ म्हणत. एका खेळाडूचा सोपा नेम हुकला तेव्हा चेंबरलेनने त्याला हेच विशेषण लावले आणि या खेळात आपण सगळेच स्नूकर आहोत, अशा शब्दांत लगेच त्याची समजूतही घातली, असे सांगतात. तेच नाव पुढे खेळाला चिकटले. आज जगभर ज्या खेळाकडे कमालीच्या कौशल्याचा खेळ म्हणून पाहिले जाते, त्याचे नावच मुळी नवशिक्यावरून पडले आहे. दुर्बलाला हसण्यापूर्वी या खेळाच्या प्रत्येक खेळाडूने ते आठवावे.

मन सैल का पडते?

सबळ खेळाडूचे मन अशा सामन्यात का सैल पडते, याची चार प्रमुख कारणे सांगता येतील.

पहिले कारण म्हणजे उत्तेजनाचा अभाव. रॉबर्ट यर्क्स आणि जॉन डॉडसन या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९०८ साली उंदरांवर केलेल्या प्रयोगांतून एक तत्त्व पुढे आले. उत्तेजन फार कमी असले तरी काम नीट होत नाही आणि फार जास्त असले तरीही होत नाही. उत्तम काम या दोहोंच्या मधल्या पातळीवर होते. बलाढ्य प्रतिस्पर्ध्यासमोर मनाचा ताण वाढतो, म्हणून तो कमी कसा करावा हे शिकवले जाते. दुर्बलासमोर हाच ताण आवश्यक पातळीच्या खाली घसरतो. तेथे मन शांत करण्याऐवजी ते जागे करावे लागते आणि ही विद्या फारशी कोणी शिकवत नाही.

दुसरे कारण प्रेक्षकांशी संबंधित आहे. १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात खुद्द पूल खेळणाऱ्यांचेच निरीक्षण केले होते. प्रथम खेळाडूंच्या नकळत त्यांच्या अचूकतेची नोंद घेतली गेली. नंतर चार निरीक्षक टेबलाजवळ येऊन उभे राहिले. सरस खेळाडूंची अचूकता ७१ टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर गेली, तर कच्च्या खेळाडूंची ३६ टक्क्यांवरून २५ टक्क्यांवर आली. कोणी जाणता पाहत आहे या जाणिवेने कसलेला हात अधिक चांगला चालतो, असा याचा अर्थ घेता येईल. समोरच्याला खेळातले काही कळत नाही, असे एकदा मनाने ठरवले की त्या खुर्चीवरचा प्रेक्षक नाहीसा होतो आणि त्याच्याबरोबर हात नीट ठेवणारा एक धाकही निघून जातो.

तिसरे कारण लाभ-हानीच्या हिशेबाचे आहे. डॅनियल काहनेमन आणि एमॉस ट्व्हर्स्की यांनी १९७९ साली मांडलेल्या सिद्धान्तानुसार माणूस लाभ व हानी यांचे मोजमाप एका गृहीत बिंदूपासून करतो आणि तेवढ्याच लाभाच्या आनंदापेक्षा हानीचे दुःख त्याला अधिक जाणवते. दुर्बलाशी खेळताना विजय हाच तो गृहीत बिंदू असतो. जिंकल्यास मिळकत शून्य आणि हरल्यास मात्र नामुष्की. ज्या व्यवहारात जमेची बाजू कोरी आणि नावेची बाजू तेवढी भरलेली असते, त्यात कोणाचे मन रमणार?

व्यावसायिक गोल्फपटूंच्या पंचवीस लाखांहून अधिक पटांचा एक अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. चेंडू खळग्यात ढकलण्याच्या फटक्याला गोल्फमध्ये पट म्हणतात. हा फटका केवळ अपेक्षित धावसंख्या राखण्यासाठी असे, तेव्हा खेळाडू अधिक अचूक ठरत. तेवढ्याच अवघड फटक्याने अपेक्षेहून सरस गुण मिळणार असत, तेव्हा अचूकता सुमारे दोन टक्क्यांनी कमी भरे. जगातील सर्वोत्तम खेळाडूसुद्धा नुकसान टाळताना जेवढे दक्ष असतात, तेवढे लाभ मिळवताना नसतात.

चौथे कारण प्रदर्शनाचा मोह. सामना हातात आहे असे वाटताच साधा, खात्रीचा फटका कंटाळवाणा वाटू लागतो. दोन कुशनवरून वळवून चेंडू घालण्याची हौस येते. पांढऱ्या चेंडूला गरज नसताना फिरकी दिली जाते. सेफ्टी खेळणे, म्हणजे खात्रीचा नेम नसताना पांढरा चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या अडचणीच्या जागी नेऊन ठेवणे, हे कमीपणाचे वाटते. वास्तविक सेफ्टी हे खेळातील विवेकाचे लक्षण आहे आणि समोर कोण आहे यावर तिची आवश्यकता अवलंबून नसते.

या चार कारणांनी मन सैल पडते, पण खरा धोका त्यानंतर उभा राहतो. सैल खेळामुळे दोन डाव जातात आणि गुणफलक बरोबरीत येतो. आता लाज वाटू लागते. काही क्षणांपूर्वी उत्तेजन अपुरे होते, ते आता अकस्मात मर्यादेबाहेर जाते. निष्काळजीपणातून भीतीत होणाऱ्या या उडीत खेळाडू मधल्या, लाभदायक पातळीवर क्षणभरही थांबत नाही. सशाच्या गोष्टीत ससा झोपी गेल्याने हरला असे सांगतात. पूलमध्ये तो वेळेवर जागा होतो, पण धडपडत उठतो म्हणून हरतो.

थोडे गणित

सैलपणाची किंमत किती, याचा हिशेब मांडता येतो. पूलमध्ये आज ‘फार्गोरेट’ नावाची मानांकन पद्धत बरीच प्रचलित आहे. तिच्यानुसार दोन खेळाडूंच्या मानांकनात १०० गुणांचा फरक असेल, तर सरस खेळाडू दर तीन डावांपैकी सरासरी दोन जिंकतो. प्रत्येक डाव स्वतंत्र आहे असे धरल्यास दुर्बल खेळाडूच्या विजयाची शक्यता पुढीलप्रमाणे येते.

एकाच डावाचा सामना : सुमारे ३३ टक्के
प्रथम ३ डाव जिंकणाऱ्याचा सामना : सुमारे २१ टक्के
प्रथम ५ डाव जिंकणाऱ्याचा सामना : सुमारे १४ टक्के
प्रथम ७ डाव जिंकणाऱ्याचा सामना : सुमारे १० टक्के

यातून दोन निष्कर्ष निघतात. एक म्हणजे सामना जितका लांब, तितका तो सबळाच्या सोयीचा. दुसरा निष्कर्ष अधिक महत्त्वाचा आहे. इतकी तफावत असूनही सात डावांच्या सामन्यात दुर्बल खेळाडू दहांपैकी एकदा जिंकणारच. असा पराभव झाल्यावर सरस खेळाडूने आभाळ कोसळल्यासारखे वागण्याचे कारण नाही. तो या हिशेबातच धरलेला आहे.

आता सैलपणाचा परिणाम पाहावा. समजा, लक्ष विचलित झाल्याने सरस खेळाडू शंभरांपैकी ६७ ऐवजी ६० डाव जिंकू लागला. फरक केवळ सात डावांचा, म्हणजे किरकोळ वाटतो. पण प्रथम ७ डावांच्या सामन्यात पराभवाची शक्यता १० टक्क्यांवरून २३ टक्क्यांवर, म्हणजे दुपटीहून अधिक होते. शंभरात ५५ डावांपर्यंत घसरण झाली, तर ती ३६ टक्क्यांच्या जवळ जाते. प्रत्येक डावातील थोडीशी ढिलाई सामन्याच्या शेवटी अशी साचून येते. चक्रवाढ व्याजाची सवय असलेल्या वाचकांना याचे नवल वाटू नये.

इतिहासातील काही उदाहरणे

२०१९ सालच्या जागतिक स्नूकर स्पर्धेत शेफील्ड येथील क्रूसिबल नाट्यगृहात पहिल्याच फेरीत रॉनी ओ’सुलिव्हन आणि जेम्स केहिल यांची गाठ पडली. ओ’सुलिव्हन त्या वेळी पाच वेळा जगज्जेता ठरलेला आणि जागतिक क्रमवारीत अग्रस्थानी असलेला खेळाडू होता. केहिल हौशी खेळाडू म्हणून उतरला होता आणि क्रूसिबलच्या मुख्य स्पर्धेत स्थान मिळवणारा तो पहिलाच हौशी खेळाडू होता. हा सामना केहिलने १०-८ असा जिंकला. ओ’सुलिव्हनने पुढे २०२० आणि २०२२ मध्ये पुन्हा जगज्जेतेपद मिळवले. अठरा डावांच्या दीर्घ सामन्यातही अंदाज उलटू शकतो आणि असा एक पराभव म्हणजे खेळाडूचा शेवट नव्हे, या दोन्ही गोष्टी येथे दिसतात.

आघाडी मिळाल्यावर काय होते, याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण १९८५ च्या अंतिम सामन्याचे आहे. स्टीव्ह डेव्हिसने डेनिस टेलरविरुद्ध पहिले आठही डाव जिंकले होते. टेलर कच्चा खेळाडू मुळीच नव्हता, पण ८-० या गुणफलकाने त्याला तात्पुरते दुर्बल ठरवले होते. पहिला दिवस संपला तेव्हा फलक ९-७ झाला होता. अखेर मध्यरात्र उलटून गेल्यावर पस्तिसाव्या डावातील अगदी शेवटच्या काळ्या चेंडूवर टेलरने १८-१७ असा विजय मिळवला. ब्रिटनमध्ये सुमारे एक कोटी पंच्याऐंशी लाख लोकांनी तो शेवट दूरचित्रवाणीवर पाहिला. संपूर्ण सामन्यात टेलर आघाडीवर आला तो केवळ त्या अखेरच्या चेंडूने.

दुर्बलाचा अंदाजच चुकल्याचे एक उदाहरणही आहे. फिलिपिन्सचा एफ्रेन रेयेस १९८५ मध्ये अमेरिकेत खेळायला गेला, तेव्हा त्याने सीझर मोरालेस हे नाव धारण केले होते. त्याची कीर्ती तेथे नावाने पोहोचली होती, पण चेहरा फारसा कोणी पाहिला नव्हता. ह्यूस्टन येथील स्पर्धा या अनोळखी पाहुण्याने जिंकली. हाच रेयेस पुढे १९९९ मध्ये ‘नाइन बॉल’ प्रकारात जगज्जेता झाला. समोरच्याच्या कपड्यांवरून, उभे राहण्याच्या पद्धतीवरून किंवा पहिल्या दोन फटक्यांवरून त्याचे मोल ठरवणे किती धोक्याचे आहे, हे यावरून कळते.

आता याच विषयाची उजळ बाजू. अमेरिकेचा विली मॉस्कोनी १९ मार्च १९५४ रोजी ओहायो राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे ‘स्ट्रेट पूल’ या प्रकारात प्रदर्शनीय सामना खेळत होता. समोर एक स्थानिक हौशी खेळाडू होता. सामना २०० गुणांचा होता आणि दोघांच्या कौशल्यात जमीन-अस्मानाचे अंतर होते. मॉस्कोनीने २०० गुण पूर्ण केले, सामना संपला, पण त्याने क्यू खाली ठेवला नाही. लागोपाठ ५२६ चेंडू घातल्यानंतरच त्याचा नेम चुकला. हा विक्रम सहा दशकांहून अधिक काळ टिकला. २०१९ मध्ये जॉन श्मिट याने ६२६ चेंडू घालून तो मागे टाकला आणि २०२२ मध्ये जेसन शॉ याने ७१४ पर्यंत मजल मारली.

मॉस्कोनीच्या या विक्रमाचा धडा मोलाचा आहे. जिंकण्यासाठी त्याला २०० गुण पुरेसे होते. उरलेले ३२६ चेंडू त्याने कोणाला हरवण्यासाठी घातले नाहीत. प्रतिस्पर्ध्याची पातळी हीच त्याने आपली पातळी मानली असती, तर तो विक्रम घडलाच नसता. त्याची स्पर्धा टेबलाशी होती, आणि टेबल कधीच दुर्बल नसते.

कच्चे लिंबू आणि उघड सवलत

महाराष्ट्रातील मुलांच्या खेळात ‘कच्चे लिंबू’ नावाची एक सुंदर सोय असते. लहान भावंड खेळायचा हट्ट धरते, तेव्हा त्याला खेळात घेतात, पण बाद करीत नाहीत. ही सवलत सर्वांसमक्ष जाहीर केलेली असते. त्या मुलालाही ती ठाऊक असते आणि म्हणून त्यात कोणाचाही अपमान नसतो.

प्रौढांच्या खेळात हीच सोय गुपचूप केली जाते, तेव्हा मात्र तिचे स्वरूप बदलते. समोरच्याची दया येऊन सरस खेळाडू मुद्दाम नेम चुकवतो. हेतू चांगला असतो, पण त्यातून दोन हानी होतात. पहिली हानी देणाऱ्याची. मुद्दाम चुकवण्यासाठी हाताला जी ढिलाई शिकवली जाते, ती मागाहून हुकूम दिल्याबरोबर जात नाही. चार फटके खोटे मारून पाचवा खरा मारणे भल्याभल्यांना साधत नाही. दुसरी हानी घेणाऱ्याची. आपल्याला जिंकू दिले गेले, हे बहुतेक वेळा त्याला कळते. कळले नाही, तर आपल्या खेळाविषयी त्याचा गैरसमज होतो. दोन्ही प्रकारांत त्याच्यापासून खरा सामना हिरावून घेतलेला असतो. जो माणूस आपल्यापेक्षा सरस खेळाडूसमोर उभा राहण्याचे धाडस करतो, त्याचा तेवढा तरी अधिकार आहे.

यावरचा प्रामाणिक मार्ग म्हणजे खेळ सुरू होण्यापूर्वी उघडपणे दिलेली सवलत, म्हणजेच हँडिकॅप. अमेरिकेत १९७९ मध्ये सुरू झालेल्या एका मोठ्या हौशी पूल संघटनेचा सारा डोलाराच या कल्पनेवर उभा आहे. तेथे प्रत्येक खेळाडूला कौशल्याची श्रेणी दिली जाते आणि वरच्या श्रेणीच्या खेळाडूला सामना जिंकण्यासाठी अधिक डाव जिंकावे लागतात. मागील हिशेब पुढे नेल्यास, १०० गुणांचा फरक असलेल्या दोघांत प्रथम ७ डावांचा सामना असताना दुर्बल खेळाडूला दोन डावांची आघाडी दिली, तर त्याच्या विजयाची शक्यता १० टक्क्यांवरून २९ टक्के होते. तीन डावांची दिली, तर ४४ टक्के होते. चार डावांची दिल्यास ती ६२ टक्क्यांवर जाऊन पारडे उलट फिरते. म्हणजे तीन डावांची सवलत ही येथे जवळजवळ न्याय्य ठरते.

अशा सवलतीने सरस खेळाडूचेही भले होते. त्याला आता खरोखर हरण्याचा संभव असतो, म्हणून उत्तेजनाची पातळी योग्य ठिकाणी येते. जिंकल्यास काहीतरी कमावल्याचे समाधान मिळते, म्हणून जमेची बाजू कोरी राहत नाही. सवलत दिल्यानंतर दोघांनीही पूर्ण ताकदीने खेळावे, यातच परस्परांचा आदर आहे.

आचरणात आणण्याजोगे काही नियम

दुर्बल प्रतिस्पर्ध्याशी खेळताना पुढील पथ्ये पाळल्यास उपयोग होतो.

१. प्रत्येक फटक्यापूर्वीचा क्रम बदलू नये. टेबलाच्या मागे उभे राहून रेषा पाहणे, चॉक लावणे, वाकणे, दोन-तीन वेळा क्यू पुढे-मागे करणे, क्षणभर थांबणे आणि मग फटका मारणे, हा क्रम सोप्या चेंडूलाही तितकाच लागू करावा. ढिलाईची सुरुवात बहुधा येथूनच होते.

२. फटका मारताना डोके उचलू नये. चेंडू जाणारच आहे, या खात्रीने शरीर आधीच उभे राहू लागते आणि नेम हलतो.

३. डाव शेवटाकडून सुरुवातीकडे आखावा. काळा चेंडू कोणत्या पॉकेटमध्ये घालायचा, त्यासाठी शेवटून दुसरा चेंडू कोणता ठेवायचा, हे आधी ठरवून मग पहिला फटका मारावा.

४. स्वतःची वेगळी नोंद ठेवावी. किती नेम हुकले, किती वेळा पांढरा चेंडू ठरवलेल्या जागी पोहोचला नाही, हे मोजावे. गुणफलकावर विजय दिसत असतानाही ही नोंद खरे बोलते.

५. खुर्चीवर बसल्यावरही टेबलावरून नजर हटवू नये. गप्पा, दूरध्वनी व चहा यांत रमलेले मन पाळी येताच लगेच एकाग्र होत नाही.

६. आघाडी कितीही असली तरी नवा डाव शून्यापासून सुरू झाला आहे, असे समजावे.

७. विचारल्याशिवाय सामन्याच्या मध्ये शिकवू नये. समोरचा माणूस खेळायला आला आहे, शिकवणीला नव्हे. सामना संपल्यावर त्याने विचारले, तर मात्र हात राखून सांगू नये.

८. प्रतिस्पर्ध्याच्या चांगल्या फटक्याची दाद मनापासून द्यावी. त्याला योगायोग म्हणणे ही आपल्याच बेसावधपणाची पहिली खूण असते.

दुर्बल खेळाडूची बाजू

या साऱ्या विवेचनात दुर्बल खेळाडूलाही काही सांगण्यासारखे आहे. लहान सामना त्याच्या सोयीचा असतो, हे गणिताने दाखवलेच आहे. १९८२ च्या अभ्यासावरून असे दिसते की, कोणी पाहत असल्याच्या जाणिवेने कच्चा हात अधिक बिघडतो. तेव्हा समोरचा काय म्हणेल, या विचाराकडे पाठ फिरवून एका वेळी एकाच चेंडूचा विचार करणे त्याच्या हिताचे. न जमणारा नेम धरण्यापेक्षा पांढरा चेंडू अडचणीच्या जागी ठेवणे त्याला सहज शक्य असते. सरस खेळाडू घाईत असेल, तर त्याच्या संयमाची परीक्षा अशाच फटक्यांनी होते. आणि उघडपणे देऊ केलेली सवलत नाकारण्यात मोठेपणा नाही. ती स्वीकारून पूर्ण निष्ठेने खेळण्यात आहे.

समारोप

हाताच्या सवयीने होणाऱ्या प्रत्येक कामाला हे विवेचन कमी-अधिक प्रमाणात लागू पडते. बँकेच्या व्यवहारात एकाने नोंद करावी व दुसऱ्याने ती तपासावी, अशी शिस्त असते. रक्कम लहान आहे म्हणून आकडा न वाचता सही करण्याची मुभा ती कोणाला देत नाही. अवघड काम स्वतःच माणसाला सावध ठेवते. सोप्या कामात ही जबाबदारी ज्याची त्याने उचलायची असते.

भारताला बिलियर्ड्स-स्नूकरची मोठी परंपरा लाभली आहे. पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी १९५८ साली कलकत्त्यात हौशी बिलियर्ड्सचे जागतिक अजिंक्यपद मिळवून तिचा पाया घातला आणि मायकेल फरेरा, गीत सेठी, पंकज अडवाणी यांनी ती पुढे नेली. या खेळाडूंचे मोठेपण अंतिम सामन्यांच्या वृत्तांतांतून सर्वांपर्यंत पोहोचते. पण अंतिम सामन्यापर्यंत जाण्यासाठी प्रत्येकाला प्राथमिक फेऱ्यांतून जावे लागते. तेथे प्रेक्षक मोजके असतात, प्रतिस्पर्धी अनोळखी असतो आणि विजयाची बातमी होत नाही. अशा सामन्यातही जो आपला एकही फटका उणा पडू देत नाही, तो खेळाचाही मान राखतो आणि समोरच्या माणसाचाही.